तारेची महती

संगीताच्या षोकिनांत एक वाद नेहमीं रंगतो. घरीं सबवूफर असतो. सबवूफर म्हणजे केवळ खर्जाचे स्वर काढण्यासाठीं केलेला मोठा कर्णा. त्याला वीज पुरविणारी दोन मीटरांची साधी तार काढून तिच्या जागीं जाड व मोलाची तार जोडली, तर खर्ज अधिक भरदार होतो, असें कित्येकजण शपथेवर सांगतात. दुसरे कित्येक त्यांस हंसतात. परंतु हंसण्यानें वाद मिटत नाहीं. तारेच्या जाडीला महत्त्व नाहीं असें मानणाऱ्यांची एकदां मोठी फजिती झाली आहे. आधीं ती हकीकत ऐकूं.

१८५८ सालीं आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशीं सुमारें दोन हजार मैल लांबीची तार टाकण्यांत आली. कंपनीचे विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे पेशानें शस्त्रवैद्य होते. त्यांच्या मतें तांब्याच्या गाभ्याची जाडी ही गौण गोष्ट होती. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन झाले, त्यांनीं मात्र गणितानें दाखविलें होतें कीं, समुद्रतारेंत संदेशाला होणारा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. लांबी दुप्पट, तर विलंब चौपट. म्हणून लांब तारेला जाड व शुद्ध तांबें हवें, असा त्यांचा आग्रह होता.

तार झाली ती बारीकच: सागरी मैलास १०७ पौंड तांबें. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पार पडावयास सोळा तास लागले. त्यांतच व्हाइटहाउस यांनीं त्या दुबळ्या तारेवर सुमारें २,००० व्होल्टांचा दाब घातला, आणि कांहीं आठवड्यांतच ती मुकी झाली. १८६६ सालीं नवी तार पडली. तींत सागरी मैलास ३०० पौंड तांबें होतें, आणि ती बोलती राहिली.

तेव्हां तार महत्त्वाची खरीच. पण टॉमसन यांच्या विजयाचें मर्म जाडीच्या कौतुकांत नाहीं. तें मोजमापांत आहे. तेंच मोजमाप आपल्या दोन मीटरांना लावून पाहूं. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेचा जाऊनयेऊन रोध ०.०५ ओहमहूनहि कमी भरतो. सबवूफर एक अँपिअर प्रवाह घेत असतां २३० व्होल्टांपैकीं ०.०५ व्होल्टसुद्धां तींत खर्चीं पडत नाहीं. शिवाय भिंतीमागें त्याच विजेनें साध्या तारांतून कितीतरी लांबचा प्रवास आधींच केलेला असतो. शेवटचीं दोन पावलें रेशमी पायघड्यांवरून चालल्यानें मागची वाट बदलत नाहीं. आणि ही वीज कर्ण्याच्या पडद्यापर्यंत तशीच जातहि नाहीं. यंत्राच्या पोटांत ती एकदिश केली जाते, धारकांत सांठविली जाते, आणि त्या सांठ्यांतून ध्वनिवर्धक स्वर घडवितो.

मग फरक ऐकणारे लोक खोटें बोलतात काय? मुळींच नाहीं. कोणती तार लागली हें ठाऊक असलें, म्हणजे मन कानाच्या आधीं बोलतें. म्हणून १९८२ सालीं डेव्हिड क्लार्क यांनीं दोन जोडण्यांपैकीं कोणती चालू आहे हें ऐकणाऱ्यास कळूं न देतां परीक्षा घेण्याच्या यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९८३ सालीं लॉरेन्स ग्रीनहिल यांनीं त्याच पद्धतीनें ध्वनिवर्धक व कर्णा यांमधील तारांची परीक्षा घेतली. अगदीं बारीक तार ओळखूं आली, कारण तिच्यामुळें आवाजच कमी होत होता. पुरेशी जाड साधी तार आणि महागडी तार यांत मात्र संगीत ऐकून विश्वासानें निवड करतां आली नाहीं. पुढें २००४ सालीं वीज पुरविणाऱ्या तारांचीच अशी परीक्षा झाली, तेव्हां सुमारें निम्मींच उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवूनहि तितकींच येतात.

यावरून घरांतील तारजोडणीकडे दुर्लक्ष करावें असें मात्र कोणी समजूं नये. सैल खोबणी, गंजलेली जोडणी, बारीक व लांबच लांब जोडतार यांनीं दाब घटतो, प्रसंगीं तार तापून आग लागते. यंत्रें दोन ठिकाणीं भूमीशीं जोडलीं गेलीं, तर खर्जांत गुणगुण शिरते. ती घालविण्यासाठीं कोणी भूमीची तार तोडतात. तें केव्हांहि करूं नये, कारण ती जिवाची राखण आहे. जोडणीचा दोष शोधून काढावा; नवी भारी तार आणून तो जात नाहीं.

श्रोतेहो, व्हाइटहाउस यांनीं मोजमाप डावललें आणि बारीक तारेवर भरंवसा ठेवला. आजचा षोकीन तेंच डावलून जाड तारेवर ठेवतो. बाजू बदलली, चूक एकच. मोलाची तार घेण्यापूर्वीं घरांतील कोणाला तरी गुपचूप तारा बदलावयास सांगा, आणि डोळे मिटून दहावीस वेळां ऐका. कान खरें सांगेल. मात्र तार कोणती, हें त्याला आधीं सांगूं नका.