अंगणातील धायटी

चोरखमाऱ्याचे नाव काढले की आठवतो तो तलाव, आणि त्यालगतचे नागझिऱ्याचे रान. एवढ्या पावसाच्या मुलखात कमी पाण्याच्या झुडपाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण येथला पाऊस चार महिन्यांचा. होळी झाली की विहिरी खोल जातात. मग अंगणातल्या शोभेच्या झाडांना बादल्या ओतायच्या कोणी? घरच्या बाईने! नेमक्या त्याच दिवसांत धायटी पाने गाळते, आणि तिच्या फांद्या लाल, नळीसारख्या फुलांनी भरून जातात.

हे झुडूप काही कालचे नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, दहा पुष्पासवांची यादी आहे. तीत मोहाच्या जोडीला धातकी, म्हणजे आपली धायटीच, आहे. मोहाची महती गोंदियाकरांना मी काय सांगावी! आजही आसवे-अरिष्टे आंबवताना वैद्य ही फुले घालतात. जैनांच्या विश्वरचनेत जंबूद्वीपानंतरच्या खंडाचे नावच धातकीखंड. रंगारी आलीबरोबर ही फुले वापरीत. १८६९ नंतर कृत्रिम अलिझरिन बाजारात आले आणि हळूहळू तो धंदा बसला. लिनिअसने १७५९ साली तिला एका वंशात घातले, कलकत्त्याच्या कुर्झने १८७१ मध्ये दुसऱ्या. तिचे बारसे असे पुनःपुन्हा झाले. बागेत जागा मात्र कोणी दिली नाही.

आता अडचण निराळीच आहे. औषधासाठी फूल ओरबाडले की बोंड धरत नाही, बी पडत नाही. नागझिऱ्याचे रान २०१३ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. तेथून रोप उपटून आणण्याचा विचारही करू नका. स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या बांधावर झुडूप असेल, तर त्याची थोडी फुले राखा. उन्हाळ्यात बोंडे पिकतात. बी अगदी बारीक असते. वाळूमिश्रित मातीवर नुसते भुरभुरावे, वर माती लोटू नये, पाणी शिंपडूनच द्यावे. पावसाळा लागला की उन्हाच्या, निचऱ्याच्या जागी रोप लावावे. मुरमाड जमीनही चालते. पहिला उन्हाळा तेवढा सांभाळावा लागतो.

मी इतिहासाचा मास्तर. माझे पहिले रोप रोज पाणी घालून घालून कुजले. दुसऱ्याकडे फारसे पाहिलेच नाही. त्यावर यंदा माघात शिंजीर येऊ लागला आहे.