भारती आचरेकर : सुरांच्या घरातील अभिनेत्री

दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना भारती आचरेकर परिचित आहेत त्या अभिनेत्री म्हणून. त्यांच्या जडणघडणीचा पाया मात्र सुरांचा आहे. किराणा घराण्याची तालीम लाभलेल्या ज्येष्ठ गायिका, पद्मश्री माणिक वर्मा या त्यांच्या मातोश्री. गायिका राणी वर्मा आणि अभिनेत्री वंदना गुप्ते या त्यांच्या भगिनी. थोर गायिकेच्या कन्येच्या गाण्याची तुलना अटळच असते. भारतीताईंनी गाणे जपले, पण स्वतंत्र ओळख मिळविली ती अभिनयातून.

अनिल बर्वे लिखित आणि विजया मेहता दिग्दर्शित 'हमीदाबाईची कोठी' या गाजलेल्या नाटकात त्यांनी भूमिका केली. अस्सल गाणे बदलत्या काळात टिकेल काय, हाच त्या नाटकाचा प्रश्न होता. बासू चटर्जी यांच्या 'अपने पराये' (१९८०) या चित्रपटातही त्या होत्या.

खरी लोकप्रियता लाभली ती १९८८ मध्ये. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवर आधारित 'वागले की दुनिया' या दूरदर्शन मालिकेतील राधिका वागले गिरगावपासून गुलमंडीपर्यंतच्या मध्यमवर्गीय घरांना आपलीच वाटली. अंजन श्रीवास्तव यांच्यासह ही जोडी २०२१ मध्ये मालिकेच्या नव्या आवृत्तीत परतली.

'द लंचबॉक्स' (२०१३) मधील देशपांडे काकू पडद्यावर दिसतच नाहीत, केवळ ऐकू येतात. निव्वळ आवाजातून माणूस उभा करण्याचे हे सामर्थ्य म्हणजे सुरांच्या संस्काराचेच देणे म्हणावे लागेल.