मार्चअखेरची देणगी, टपालातील धनादेश आणि आयकर : ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतात आयकर १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी सुरू केला, आणि १८६७ मध्ये सरकारी हिशेबाचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे ठरले. पुढे धर्मादाय देणगीवर करसवलत मिळू लागली, तेव्हा ३१ मार्च ही तारीख दात्याच्या दृष्टीनेही निर्णायक झाली. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे राहून मुंबईत नोकरी करणाऱ्या पगारदार वर्गाला हा प्रश्न विशेष जाणवणारा होता. दाता डोंबिवलीत आणि संस्था वरोऱ्याच्या आनंदवनासारख्या दूरच्या ठिकाणी असली, म्हणजे धनादेश टपालानेच जात असे. २९ मार्चला टपालात टाकलेला धनादेश एप्रिलमध्ये पोचला, तर ती देणगी कोणत्या वर्षाची मानावी?

कायद्यातील मौन

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० जी १ एप्रिल १९६८ पासून अमलात आले. त्यानुसार वजावट त्या वर्षात 'दिलेल्या' रकमेवर मिळत असे. मात्र टपालाने पाठविलेली रक्कम 'दिली' असे केव्हा म्हणावे, याचा खुलासा त्या कलमात नव्हता. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या एका निर्णयाकडे वळावे लागते.

ओगले ग्लास वर्क्स खटला

कऱ्हाडजवळील ओगलेवाडीचा कंदिलांचा कारखाना त्या काळी औंध संस्थानात, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या हद्दीबाहेर होता. भारत सरकारला पुरविलेल्या मालाचे धनादेश दिल्लीहून टपालाने येत. पैसे ओगलेवाडीस मिळाले की दिल्लीस, यावर करपात्रता अवलंबून होती. न्यायालयाने दोन तत्त्वे मांडली. धनादेश वटला, तर रक्कम धनादेश स्वीकारल्याच्या दिवशीच मिळाली असे धरावे. तसेच घेणाऱ्याच्या स्पष्ट वा गर्भित विनंतीवरून धनादेश टपालाने पाठविला असल्यास टपाल खाते घेणाऱ्याचे प्रतिनिधी ठरते. कंपनीने बिलावर धनादेश पाठविण्याची विनंती केलेली असल्याने निर्णय तिच्याविरुद्ध गेला.

वाद स्थळाचा होता. पण हेच तर्कशास्त्र काळालाही लावता येते. कारखान्यावर कर बसविणारे तत्त्व अशा रीतीने दात्याच्या उपयोगी पडू शकते. संस्थेच्या आवाहनपत्रातील 'धनादेश टपालाने पाठवावा' ही साधी ओळ म्हणूनच कायदेशीर महत्त्वाची होती. ती असल्यास धनादेश टपालात टाकल्याचा दिवस हा देणगीचा दिवस, असा युक्तिवाद करता येई. अशी विनंती नसल्यास टपाल खाते दात्याचेच प्रतिनिधी राही. धनादेश न वटल्यास तर देणगी झालीच नाही.

व्यवहारात मात्र दात्याच्या हाती पुरावा असे तो संस्थेच्या पावतीचा. एप्रिलमध्ये पाकीट उघडणाऱ्या कार्यकर्त्यापुढे दात्याची निकड आणि संस्थेच्या वहीतील खरी तारीख यांतून निवड करण्याचा प्रसंग येई. मागची तारीख घालणे दात्याला सोयीचे असले, तरी संस्थेची विश्वासार्हता त्यामुळे पणाला लागे.

निष्कर्ष

२०२१-२२ पासून देणग्यांचे विवरण संस्थेनेच आयकर खात्यास सादर करावे आणि दात्यास नमुना १० बीई मध्ये प्रमाणपत्र द्यावे, अशी व्यवस्था झाली. २०२३-२४ पासून मूलभूत ठरलेल्या नव्या करप्रणालीत कलम ८० जी ची वजावटच ठेवली गेली नाही. अशा रीतीने वजन टपालाच्या पावतीवरून संस्थेच्या नोंदीकडे सरकले. १९५४ चे तत्त्व त्यामुळे खोटे ठरत नाही; परंतु संस्थेची नोंद प्रामाणिक आणि वेळेवर असल्याखेरीज दात्याला त्याचा आधार मिळत नाही. मार्चअखेरच्या देणगीचा इतिहास अखेर दाता आणि संस्था यांच्यातील विश्वासाचा इतिहास ठरतो.