हिरवळीमागचा धूर

नीट कापलेली हिरवळ पाहिली, की स्वच्छ हवेचीच आठवण होते. ती हिरवळ राखणारी पेट्रोलवरील यंत्रे मात्र हवा मोठ्या प्रमाणावर दूषित करतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने याचा हिशेब मांडला. बागकामाची यंत्रे, जनित्रे आदींची छोटी इंजिने तेथे १ कोटी ६७ लाखांहून अधिक, म्हणजे प्रवासी मोटारींपेक्षा सुमारे ३० लाखांनी जास्त निघाली. २०२० मध्ये नायट्रोजन ऑक्साइडे आणि धुरके निर्माण करणारे सेंद्रिय वायू यांच्या दैनंदिन उत्सर्जनात या इंजिनांनी मोटारींनाही मागे टाकले होते.

याचे कारण इंजिनाच्या रचनेत आहे. पाने उडविणारे लीफ ब्लोअर आणि हातातील गवत कापण्याची यंत्रे बहुधा टू-स्ट्रोक इंजिनावर चालतात. त्यात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असताना जळालेला वायू बाहेर जाण्याची वाटही उघडीच असते. त्यामुळे बरेचसे इंधन न जळताच निसटते. आपल्याकडील जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांचा निळसर धूर आठवला, की हा प्रकार लक्षात येतो. हे वायू आणि नायट्रोजन ऑक्साइडे यांच्यापासून सूर्यप्रकाशात जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो फुप्फुसांना घातक असून दमेकऱ्यांना त्याचा विशेष त्रास होतो.

कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने दिलेली तुलना बोलकी आहे. व्यावसायिक लीफ ब्लोअर एक तास चालविल्यास धुरके निर्माण करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे २०१७ ची टोयोटा कॅमरी मोटार सुमारे १,७७० किलोमीटर चालविल्यावर होते. हे अंतर लॉस एंजेलिस ते डेन्व्हर एवढे आहे. ही तुलना कार्बन डायऑक्साइडची नव्हे, हे मात्र ध्यानात घ्यावे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्याने यासंबंधी कायदा केला आणि डिसेंबरात मंडळाने नियम मंजूर केले. त्यांनुसार बागकामाची बहुतेक नवी यंत्रे २०२४ च्या मॉडेलपासून शून्य उत्सर्जनाची असावीत, असे ठरले. जनित्रांना २०२८ पर्यंत सवलत मिळाली. लोकांकडील जुनी यंत्रे वापरण्यास बंदी नव्हती. राजधानी वॉशिंग्टनने वेगळा मार्ग पत्करला. तेथे १ जानेवारी २०२२ पासून पेट्रोलवरील लीफ ब्लोअरच्या वापरावरच बंदी आली.

खरा प्रश्न माळीकाम करणाऱ्यांचा आहे. इंजिन पाठीवर बांधून दिवसभर राबणाऱ्याच्या नाकातोंडात बेंझिन व कार्बन मोनॉक्साइड सर्वांत आधी जाते, कानठळ्या बसविणारा आवाजही तोच सोसतो. विद्युत यंत्रांचा सर्वाधिक लाभ त्याला. पण दिवसभर पुरतील इतक्या बॅटऱ्या घेण्याचा भारही त्याच्यावरच. म्हणूनच राज्याने छोट्या व्यावसायिकांच्या मदतीसाठी ३ कोटी डॉलर राखून ठेवले. घरगुती वापरासाठी मात्र एक-दोन बॅटऱ्या बहुधा पुरतात.

विद्युत यंत्रानेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. ब्लोअर विजेवर चालला तरी धूळ उडतेच. कोकणातील बागांतही आता पेट्रोलवरील ग्रास कटर घरघरतात. नवे यंत्र घेताना किमतीबरोबर ते चालविणाऱ्याच्या श्वासाचाही विचार व्हावा. अंगणातील पाने गोळा करायला तर खराटा आजही पुरेसा आहे.