पाळणाघराचा खर्च कोणी सोसावा?



व्याख्यानमालेत इतिहास म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गडकिल्ले उभे राहतात. आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती फार लहान आहे. ती म्हणजे कामकरी बाईच्या मुलाचा पाळणा. आई कामावर असताना मुलाला कोणी सांभाळायचे आणि सांभाळणारीला पैसे कोणी द्यायचे, एवढाच प्रश्न. आमचे शिक्षण कामगार संघाच्या कचेरीत झाले, तेव्हा पांडित्याचा दावा नाही. कायद्याची कलमे आणि पगाराच्या पावत्या मात्र आम्ही पुष्कळ वाचल्या आहेत.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करू. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनी तिथल्या गिरणकामगार बायकांची पाहणी केली. आई दिवसभर गिरणीत, तान्हे मूल चाळीच्या खोलीत. ते रडू नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देऊन निजवीत. आज हे ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या आयांना दोष देण्यापूर्वी हिशेब पाहावा. मूल सांभाळायला माणूस ठेवायचा तर आधीच तुटपुंजी असलेली मजुरी त्यात जायची. गोळी स्वस्त पडे. म्हणजे खर्च त्या वेळीही होत होता. तो मुलाच्या जिवावर लिहिला जात होता, इतकेच.

हा खर्च कोणाचा, यावर पहिली जाहीर चर्चा बाळंतपणाच्या रजेच्या निमित्ताने झाली. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी मांडलेला विचार आजही विसरण्याजोगा नाही. लोकांच्या हिताचे रक्षण हे मुळात सरकारचे काम, म्हणून मोठा भार सरकारचा. पण बाईच्या श्रमाचा फायदा घेणारा मालकही मोकळा सुटू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी बाळंतपणाच्या रजेचा मुंबईचा कायदा झाला. १९३१ साली व्हिटले कमिशनने आपला अहवाल दिला. या कमिशनवर आपले ना. म. जोशी होते. बायका मोठ्या संख्येने असतील त्या कारखान्यांत पाळणाघरे असावीत, अशी शिफारस त्यात होती. १९३४ च्या कायद्याने प्रांतिक सरकारांना तसे नियम करण्याचा अधिकार दिला, आणि १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४८ व्या कलमाने पन्नासांहून अधिक बायका असलेल्या कारखान्यावर सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची सक्ती केली. १९७६ साली ही संख्या तीसवर आली.

आता या कलमाची मेख पाहा. पाळणाघराचा सगळा खर्च मालकाचा, आणि तो लागू होणार बायकांच्या संख्येवर. मग मालकाने बायकाच कमी ठेवल्या तर? आमच्या माहितीच्या एका कारखान्यात हजेरीपत्रकावर वर्षानुवर्षे अठ्ठावीस बायका होत्या. कोणी निवृत्त झाली तरच नवी घेत. बाकीच्या ठेकेदाराच्या नावावर. दुसऱ्या एका ठिकाणी पाळणाघर होते. त्यात रिकामी खोकी रचलेली असत आणि निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी पाळणे टांगले जात. मुलाच्या सोयीसाठी केलेला नियम आईच्या नोकरीवर उलटला.

इथे आम्हाला आमचीही चूक कबूल केली पाहिजे. आमच्या मागण्यांच्या यादीत पाळणाघर शेवटून दुसरे-तिसरे असे. वाटाघाटी अडल्या की सोडायची पहिली मागणी तीच. बोनसचा अर्धा टक्का मिळाला की आम्ही पाळणा खाली ठेवीत असू. टेबलाच्या दोन्ही बाजूंना पुरुषच बसलेले असत, हे त्याचे कारण. ते सबब म्हणून आम्ही सांगत नाही.

कारखान्याबाहेरच्या बाईसाठी सरकारने दुसरा मार्ग धरला, तो संस्थांना अनुदान देण्याचा. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि सेवाभावी संस्थांना सरकारी पैसा मिळू लागला. १९७५ पासून कामकरी व आजारी आयांच्या मुलांसाठी पाळणाघरांची योजना आली. २००६ साली तिला नवे रूप मिळाले. एका पाळणाघरात पंचवीस मुले, खर्चाचे नव्वद टक्के सरकारचे, दहा टक्के संस्थेचे. आणि पंचवीस मुले सांभाळणाऱ्या दोघींना? दोघींना मिळून महिन्याला २,००० रुपये. २०१७ साली वाटणी बदलली: केंद्र साठ, राज्य तीस, संस्था दहा. सेविकेला ३,००० आणि मदतनिसाला १,५०० ठरले. ज्याच्या हाती तीन खिशांतून पैसे यायचे, त्याला तिन्ही खिशांकडे पाहत बसावे लागते. पुढच्या काही वर्षांत या योजनेतली पाळणाघरे बरीच घटली.

तिसरा मार्ग अंगणवाडीचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबाडला चालवले. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातही न्यावी, हा त्यांचा विचार. १९७५ च्या २ ऑक्टोबरला देशात तेहतीस ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी हा मराठी मातीतला शब्द सगळ्या देशाचा झाला. शब्द घेतला, पण सेविकेला पगार दिला नाही, मानधन दिले. मॅट्रिक झालेलीला १५० रुपये, न झालेलीला १००, मदतनिसाला ३५. २०१८ साली केंद्राने सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० केले. राज्ये त्यात आपली भर घालतात.

मानधन हा शब्द मोठा गोड आहे. त्यात मान पुढे आणि धन मागे. पगार म्हटला की किमान वेतन येते, रजा येते, निवृत्तिवेतन येते. मान म्हटला की आभार मानून भागते. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने या सेविका सरकारी पदावर नाहीत असे म्हटले. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने त्यांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क दिला आणि त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच आहे असे ठरवले. एका शब्दाची किंमत कळायला सत्तेचाळीस वर्षे लागली. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी दीर्घ संप केला, त्यामागेही हीच खंत होती.

शिवाय अंगणवाडी काही तासांची आणि आईची पाळी आठ तासांची. मधला वेळ कोण भरून काढते? आजी, नाहीतर शेजारीण. ही चौथी सांभाळणारी आपल्या कोणत्याच नियमात बसत नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने गरीब कामकरी पालकांना सरकारी चिठ्ठी देण्याची सोय झाली. ती चिठ्ठी केंद्राकडे नेता येते, घरी मुले सांभाळणाऱ्या बाईकडे नेता येते, नात्यातल्या माणसाकडेही. पण दर सारखा नाही. घरात सांभाळणारीच्या पदरी तिथेही बहुधा कमीच पडते. तेव्हा हा दोष एकट्या आपल्या देशाचा नव्हे. जे काम आई फुकट करते त्याला दाम कसला, ही समजूत समुद्रापलीकडेही आहे.

तरी इतिहास एका जागी थांबलेला नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कामगारांच्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती आली, आणि ते पन्नास मोजताना बाई-पुरुष असा भेद ठेवला नाही. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता येईल, असेही त्यात होते. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच मोजणी राहिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता अमलात आली. वरवर पाहता हा एका आकड्याचा बदल; पण मूल फक्त बाईचे असते ही समजूत त्याने कायद्यातून काढली. २०२२ पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची पाळणा योजनाही आली आहे. तिथे तास वाढतील तसे दामही वाढतात की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

आमचे सांगणे थोडके आहे. पैसे मालकाने द्यावेत, संस्थेमार्फत यावेत की सरकारने थेट द्यावेत, याविषयी मतभेद असू शकतो. मात्र मार्ग कोणताही असो, सांभाळणारीला कामाचा दाम मिळाला पाहिजे. नाहीतर एका गरीब बाईच्या मुलाचा खर्च दुसरी गरीब बाई सोसत राहील. आपल्या गावच्या अंगणवाडीत या आठवड्यात एकदा जा, आणि सेविकेला मानधन कोणत्या तारखेला मिळाले ते विचारा. आमच्या संघाने पुढच्या मागणीपत्रात पाळणाघर पहिल्या पाचांत घातले आहे. वाटाघाटीत ते तिथेच राहिले की नाही, हे आम्हाला पुढल्या वर्षी याच मंडपात विचारावे.