ठेका आधी आला, खोली नंतर

हाउस संगीताची कुळकथा बहुतेक जण यंत्रांपासून सांगायला घेतात. रोलंड या जपानी कंपनीनं 1981 मध्ये टीबी-303 हे यंत्र काढलं, ते एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. ते खपलं नाही. 1984 मध्ये उत्पादन थांबलं, जुनी यंत्रं स्वस्तात विकली जाऊ लागली आणि ती शिकागोच्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती पडली. त्यातूनच 1987 मध्ये फ्यूचर या मंडळींची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी आली. हे सगळं खरं आहे, पण एक मुंबईकर या कथेत बसत नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी हेच 303 आणि त्याच कंपनीचं टीआर-808 हे तालयंत्र वापरून 1982 मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. त्यांच्या या तबकडीला तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरच्या श्रोत्यांना तिच्यात शिकागोच्या आधीचं शिकागो ऐकू आलं. यंत्रं तीच होती, ठेकाही तोच होता, तरी मुंबईत हाउस जन्मलं नाही. मग शिकागोत असं काय होतं, जे मुंबईत नव्हतं? माझ्या मते, एक खोली.

ती खोली म्हणजे शिकागोच्या साउथ जेफरसन स्ट्रीटवरचं ‘वेअरहाउस’. रॉबर्ट विल्यम्स यांनी 1977 मध्ये ते सुरू केलं आणि तबकड्या वाजवायला न्यूयॉर्कहून फ्रँकी नकल्सना बोलावलं. तिथे दारू नव्हती, फळांचा रस मिळे. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवार उजाडला तरी चाले. येणारे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण होते. हाउस हे नावही याच जागेवरून पडलं, असं बहुतेक मानतात. बाहेरची हवा मात्र वेगळी होती. 12 जुलै 1979 रोजी त्याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, पेटीभर डिस्कोच्या तबकड्या स्फोटानं उडवल्या गेल्या. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना सोडून द्यावा लागला. डिस्को कुणाचं संगीत आहे, हे त्या गर्दीला पुरतं ठाऊक होतं. व्यापारी कंपन्यांनीही लवकरच डिस्कोकडे पाठ फिरवली. वेअरहाउसमध्ये मात्र नकल्स जुनी गाणी कापून, जोडून, लांबवून वाजवतच राहिले.

या खोलीनं तिथल्या तरुणांना स्वतःला स्वीकारायला जागा दिली. कुणी म्हणेल, आत्मस्वीकार ही ज्याची त्याची मनातली गोष्ट. कायदा आड येईनासा झाला की ती आपोआप घडते. इतिहासात तसं दिसत नाही. शिकागो ज्यात आहे ते इलिनॉय हे समलिंगी संबंध गुन्ह्यांच्या यादीतून काढणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य. तो कायदा 1961 मध्ये संमत झाला. तरीही त्यानंतर दीड दशक शिकागोतल्या गोऱ्या समलिंगींच्या बारच्या दारात कृष्णवर्णीयांकडे एकाऐवजी दोन-तीन ओळखपत्रं मागितली जात. कायद्यानं मोकळे असलेले हे तरुण दारात अडत होते. ‘मी असा आहे’ हे स्वतःशी कबूल करायला आपल्यासारखी आणखी शंभर माणसं एकाच वेळी निर्धास्त असलेली दिसावी लागतात. आधी घोळका, मग मी, असा हा क्रम आहे.

मग खोलीच सर्व काही करत असेल तर संगीत कशाला हवं? कारण खोलीतले नियम संगीत ठरवतं. हाउसचा ठेका मिनिटाला साधारण 120 ते 130 मात्रांचा. दर मात्रेवर ढोलाचा ठोका आणि एका तबकडीतून दुसरीत जाताना खंड नाही. गाणं संपत नाही, म्हणून कुणाला नाच थांबवून जागेवर जावं लागत नाही. ठरलेली पावलं नाहीत, नाचायला जोडीदार लागत नाही, स्त्रीची बाजू आणि पुरुषाची बाजू नाही. जोडीनं नाचायची सक्ती जिथे आहे, तिथे प्रत्येकाला आपण कोण हे आधी सांगावं लागतं. इथे ते न सांगताही तासन्‌तास सामील होता येतं.

यावर आपल्याकडचा आक्षेप वजनदार आहे. अशी जागा परक्यांकडून कशाला उसनी घ्यायची, सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीनं तिच्या सेवेत स्त्रीवेश घेणाऱ्या जोगत्यांना ती केव्हाच दिली नाही का? कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्हीकडे चौंडक्याच्या तालावर ती परंपरा जगली आहे. मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, त्यांना पद्मश्री मिळाली, तीही याच परंपरेच्या बळावर. ही जागा खरी आहे, पण तिला अट आहे. देवीनं निवडलं म्हणून माणूस तिथे असतो. वेश, व्रत आणि जोगवा त्याबरोबर येतात. वेअरहाउस कारण विचारत नव्हतं, आणि सकाळी पुन्हा आपापल्या आयुष्यात परतायची मुभा देत होतं. एका जागेमुळे दुसरी खोटी ठरत नाही. दोन्ही हव्यात.

मुंबईत ही खोली आली तीही कायद्याची वाट न पाहता. नव्वदीच्या दशकात कुलाब्याच्या व्हूडू पबमधल्या शनिवारच्या रात्री आणि पुढे ‘गे बॉम्बे’च्या पार्ट्या चालल्या, त्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 डोक्यावर असताना. सर्वोच्च न्यायालयानं ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, तो दिवस 6 सप्टेंबर 2018 चा. या पार्ट्यांत हाउसपेक्षा हिंदी गाण्यांवर जास्त जोर असे, म्हणून त्यांना या कुळात घेऊ नये असं कुणी म्हणू शकेल. पण कुळ ठरतं ते रचनेवरून, आणि रचना तीच आहे. म्हैसूरचं उदाहरण तर संगीताशिवायचं आहे. तिथल्या ‘अशोदय समिती’त देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांबरोबर पुरुष आणि ट्रान्सजेंडर व्यक्तीही आहेत. एचआयव्ही रोखण्याच्या समितीच्या कामात त्यांची विसाव्याची, एकत्र बसण्याची जागाही उभी राहिली. गरज वेगळी होती, पण तिथेही संघटनेचं बळ आलं ते आधी एकत्र बसता आलं म्हणून.

शेवटचा आक्षेप मात्र मी खोडणार नाही. मुंबईतल्या पार्टीला प्रवेशशुल्क असतं, तिथे इंग्रजी लागतं, आणि रात्री दोन वाजता घरी जायला टॅक्सीचे पैसे लागतात. चाळीतला किंवा तालुक्याच्या गावचा मुलगा तिथे पोचत नाही. हे खरंच आहे. पण शिकागोची खोलीही अशाच एका बंद दाराला उत्तर म्हणून उघडली होती. तेव्हा प्राइडमधली रोषणाई किंवा नामांकित डीजे पाहून हा वारसा मोजू नये. दारात कुणाला थांबवलं जातं आणि त्याच्यासाठी दुसरं दार कोण उघडतं, एवढंच पाहावं.