गडाचा दरवाजा आणि तान्ह्याची भूक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपल्याकडे कुणाला नव्यानं सांगावी लागत नाही. कोजागरीच्या दिवशी दूध विकायला गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली वाडीत भुकेलेलं तान्हं आणि रात्रीच्या अंधारात ताशीव कडा उतरून गेलेली आई. शिवाजी महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधून त्याला तिचं नाव दिलं, असं परंपरा सांगते. समकालीन कागदपत्रांत या प्रसंगाचा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. पण लोकांनी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या जपली, हेही इतिहासाच्या दृष्टीनं थोडं नाही.

या गोष्टीतल्या एका गोष्टीकडे आज मला आपलं लक्ष वेधायचं आहे. हिरकणीनं बाळाला पाजलं कुठे, कुणासमोर, पदर होता की नव्हता, हे या कथेत कुणीही विचारत नाही. तिची अडचण लाजेची नव्हतीच. तिची अडचण होती दरवाज्याची. गडाचं घड्याळ वेगळं आणि बाळाच्या पोटाचं घड्याळ वेगळं. आईनं बाळाला अंगावर पाजण्याचा सार्वजनिक इतिहास पाहिला, तर तो बराचसा या दोन घड्याळांच्या भांडणाचा इतिहास आहे. रायगडापासून आमच्या नाशिकजवळच्या ओझर विमानतळापर्यंत हे भांडण चालत आलेलं आहे.

मूल घेतलेल्या आईचं रूप आपल्या परंपरेनं कधी झाकून ठेवलं नाही. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात हारितीचं स्वतंत्र दालन आहे. मुलांची रक्षणकर्ती अशी ही बौद्ध देवता, मांडीवर मूल घेऊन बसलेली. वेरूळच्या इंद्रसभेत जैनांची अंबिका यक्षी आहे, तिच्याही मांडीवर मूल. ज्यांनी ही शिल्पं घडवली, त्यांना त्यात संकोच वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

लेण्यांचं राहू द्या. आमच्या जिल्ह्यात कांद्याच्या खळ्यावर किंवा द्राक्षबागेत काम करणारी बाई पाहा. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी टांगलेली, मूल रडलं की खुरपं खाली ठेवायचं, हात धुवायचे आणि तिथेच सावलीत बसायचं. आठवडे बाजारातही तेच. पुढ्यात भाजीचे वाटे, मांडीवर लेकरू. गिऱ्हाईक भाव विचारतं, बाई भाव सांगते, लेकरू दूध पितं. कुणाचंच काही अडत नाही.

यात पोशाखाचाही मोठा वाटा होता. पुढे गाठ मारायची खणाची चोळी आणि नऊवारीचा ऐसपैस पदर. गाठ सोडली, पदर ओढला, की आडोसा तयार. चालती-बोलती खोलीच म्हणा ना! पुढे हुकांचं पोलकं आलं, पाचवारी आली, मग पंजाबी ड्रेस आणि जीन्स आली. हे कपडे वावरायला सुटसुटीत, पण पदराबरोबर तो फिरता आडोसाही गेला.

मात्र जुन्या काळाचं उगाच कौतुक नको. शेतातली बाई मूल बरोबर नेत होती, कारण घरी ठेवायला कुणी नव्हतं आणि मजुरी बुडवणं परवडत नव्हतं. माजघरात राहणाऱ्या बाईला तर असा प्रश्नच पडत नव्हता, कारण तिला बाहेर पडायचीच मुभा नव्हती. प्रश्न खरा उभा राहिला तो बाई तान्हं मूल घेऊन लांबच्या प्रवासाला निघाली तेव्हा.

१८५३ साली मुंबई ते ठाणे आगगाडी सुरू झाली. १८६५ साली कसाऱ्याचा घाट चढून लोहमार्ग इगतपुरीला पोहोचला आणि नाशिकची यात्रा आगगाडीनं होऊ लागली. बैलगाडीत बाळ रडलं तर झाडाखाली गाडी सोडता येत असे. आगगाडी कुणाच्या बाळासाठी थांबत नाही. डब्यात चारी बाजूंनी परकी माणसं. सरकारलाही हे ध्यानात घ्यावं लागलं. १८९० च्या रेल्वे कायद्यात असं कलम आलं, की प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक डबा किंवा कप्पा फक्त बायकांसाठी राखावा, आणि गाडी पन्नास मैलांहून लांब जाणार असेल तर त्यात शौचकूपही असावा. कायद्यात दुधाचा उल्लेख नाही. पण बायकांच्या डब्यात गेलेल्या आयांना तो उल्लेख लागलाच नाही. दार लावलं की डब्याचं माजघर होई. बाळ एकीचं, धरायला हात चौघींचे.

मग आली आपली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली, तिथून ती खेडोपाडी पोहोचली. एस.टी.त बायकांचा वेगळा डबा नाही, बाकडं तेवढं राखीव. तरीही माझ्या लहानपणी नाशिकहून कळवणला जाताना मी पाहिलेलं आहे, की तान्हं घेतलेली बाई चढली की शेजारची म्हातारी आपोआप खिडकीकडची जागा सोडायची आणि स्वतः वाटेकडे पाठ करून बसायची. न बोलता केलेली ही व्यवस्था होती. तिला नाव नव्हतं.

नाव पुढे मिळालं आणि तेही हिरकणीचंच. एस.टी.च्या निमआराम गाडीला हिरकणी म्हणू लागले. मग बसस्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत मातांसाठी आडोशाच्या खोल्या झाल्या, त्यांना ‘हिरकणी कक्ष’ म्हणतात. कल्पना उत्तमच. पण एका सार्वजनिक ठिकाणी मी अशा कक्षाला कुलूप पाहिलं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते जेवायला गेले होते. हिरकणीच्या नावाच्या खोलीपुढे पुन्हा बंद दरवाजाच!

आता विमानाकडे येऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला उतरले आणि आपल्याकडची हवाई वाहतूक सुरू झाली. पुढे कितीतरी वर्षं विमान ही मोजक्या लोकांची मिजास होती, आणि आईपण तिथे बसत नव्हतं. हवाई सुंदरी पहिल्यांदा गरोदर राहिली की तिची नोकरी संपवावी, असा नियमच होता. नर्गेश मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८१ साली तो रद्द ठरवला आणि हा भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, अशा अर्थाचे कडक शब्द वापरले.

आज चित्र बदललं आहे. ओझरला २०१४ साली नवं टर्मिनल उभं राहिलं. पुढे ‘उडान’ योजना आली. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक तान्हं घेऊन विमानानं सासरी जाते, हे आता नवल राहिलेलं नाही. हिशेब करून पाहा. घरून ओझरला जायला पाऊण तास, तिथे तास-दीड तास आधी हजर राहायचं, दिल्लीपर्यंत साधारण दोन तास, मग सामानाची वाट. पाच तास सहज होतात. तान्ह्या मुलाला दिवसातून आठ ते बारा वेळा पाजावं लागतं. म्हणजे या पाच तासांत निदान दोनदा. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा नको, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला. तेव्हा दुसरा उपायही नाही.

विमानात आणखी एक कारण असतं. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर उडत असलं, तरी आतली हवा दाबून सहा ते आठ हजार फूट उंचीइतकी ठेवलेली असते. आपलं कळसूबाई ५४०० फूट. म्हणजे बाळ कळसूबाईच्याही वर जाऊन अर्ध्या तासात खाली येतं. उतरताना हवेचा दाब वाढतो, कानाच्या पडद्यावर ताण येतो. मोठी माणसं आवंढा गिळतात, गोळी चघळतात. गिळण्यानं घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी उघडते आणि ताण उतरतो. बाळाला कुणी सांगायचं? त्याला पाजलं की ते आपोआप गिळतं. म्हणून उतरताना अंगावर पाजावं, असं डॉक्टर सांगतात. भूक आणि औषध, दोन्ही एकाच ठिकाणी.

माझी सून नातीला घेऊन अशीच निघाली होती. मी बरोबर होते. विमान उतरू लागलं, नात कळवळून रडू लागली, सुनेनं ओढणी घेऊन तिला पाजायला घेतलं. शेजारच्या गृहस्थांनी कर्मचारी मुलीला बोलावून म्हटलं, ‘यांना मागे स्वच्छतागृहात जायला सांगा.’ पट्टे बांधायची सूचना झालेली, उठायची सोय नाही. आणि स्वच्छतागृहात कोण जेवतं हो? त्या मुलीनं शांतपणे एक पांघरूण आणून सुनेला दिलं आणि गृहस्थांना म्हणाली, ‘काका, पाच मिनिटांत बाळ झोपेल.’ तसंच झालं. कळवणच्या गाडीतली ती पाठ करून बसणारी म्हातारी मला त्या मुलीत दिसली.

हाच प्रश्न राज्याच्या सर्वोच्च सभागृहाच्या दारातही पोहोचला आणि तो आमच्या नाशिकनंच नेला. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला गेल्या. मतदारसंघाचं काम आणि बाळ, दोन्ही आपलंच, असं त्यांचं म्हणणं. तिथे हिरकणी कक्षाची सोय झाली. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात कक्षात धूळ आहे, बाळाला ठेवण्याजोगी व्यवस्था नाही, अशी तक्रार त्यांना डोळ्यांत पाणी आणून करावी लागली. मग कक्ष नीट झाला. आमदाराला जे मागून मिळालं, ते बाजाराला आलेल्या बाईला कुणाकडे मागायचं, हा प्रश्न उरतोच.

त्याचं काही उत्तर १९ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात आहे. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती प्रसन्ना वराळे यांच्या पीठानं सार्वजनिक इमारतींत आयांसाठी पाजण्याची जागा असावी, याचा पाठपुरावा करायला सरकारला सांगितलं. पण त्याहून महत्त्वाचं मला वाटतं ते पुढचं. स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या प्रथा सोडणं हे नागरिकांचं मूलभूत कर्तव्य राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये सांगितलेलं आहे. त्याची आठवण देऊन, सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजणाऱ्या आईला कमीपणा आणू नये, असं न्यायालयानं बजावलं.

म्हणजे जबाबदारी खोलीवर संपत नाही. ज्या आईला एकांत हवा तिच्यासाठी खोली हवीच, उघडी, स्वच्छ आणि किल्ली न मागता मिळणारी. पण विमानाच्या दोन खुर्च्यांच्या मध्ये खोली बांधता येत नाही, एस.टी.तही नाही. तिथे शेजारच्या माणसाची नजर हाच पदर. आपण मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं किंवा हातातलं वर्तमानपत्र वाचत राहिलो, तर एका आईची मोठी सोय होते. त्याला पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. गडाचे दरवाजे उघडणं महाराजांच्या हातात होतं. हा दरवाजा मात्र तुमच्या-माझ्या हातात आहे.